घरात कोणी नव्हतं

सुभद्राबाईंनी फोन कान आणि खांद्याच्या बेचक्यात दाबला आणि आणखी एका कोलंबीचं डोकं मोडून ताटलीत टाकलं. फोनमधली बाई हिंदीत सांगत होती की त्यांचा कॉल फार महत्त्वाचा आहे. मग पुन्हा तेच सतारीचं तुटकं संगीत सुरू झालं.

“आई, स्पीकरवर टाका ना,” खाटेवर लॅपटॉप घेऊन बसलेली त्यांची सून रुचा म्हणाली. “सगळ्यांनाच ऐकू येईल.”

“स्पीकरवर माणूस बोलत नाही, पत्र्याचा डबा बोलतो. मला कानाशीच बरं.”

रुचा हसली नाही. उंबरठ्याबाहेर शेजारची सीमा धुरी उभी होती, तीही हसली नाही. रविवार सकाळ असूनही ती साडी नेसून, केस घट्ट बांधून, कुठेतरी साक्ष द्यायला निघाल्यासारखी आली होती. आत ये म्हटलं तर “इथेच बरी आहे” म्हणाली. तिच्या खांद्याआड तिची मुलगी प्राची. आणि त्या दोघींच्या मागे, गॅलरीच्या कठड्यावर कोपरं टेकून, खाली लालबागच्या रस्त्याकडे बघत उभा असलेला सुभद्राबाईंचा मुलगा अनिश. तो आणि रुचा वेगळे राहत, रविवारी इकडे येत.

“जाऊ दे ना आई,” तो न वळताच म्हणाला. “रविवारी कोण उचलणार? मी उद्या ऑफिसमधून करतो.”

“तू करणार?” रुचा म्हणाली. “शनिवारीसुद्धा तुला बसवून ठेवतात तिथे. घरचा गॅस बुक करायला तुला वेळ नसतो.”

खालून मसाला कुटणाऱ्या यंत्रांचा आवाज येत होता.

प्रकरण सुरू झालं होतं ते मेलपासून. ‘यशाचं दार उघडा.’ ‘तुमचा बायोडेटा चमकवा.’ ‘मोठ्या कंपन्या तुमची वाट पाहत आहेत.’ सकाळी चहाच्या आधी एक, दुपारी डोळा लागतो न लागतो तोच दुसरा. निवृत्त होऊन घरी बसलेल्या बाईची कुठली कंपनी वाट बघणार, म्हणून सुभद्राबाईंनी आधी ते हसण्यावारी नेलं. मग खाली बारीक अक्षरात असलेलं ‘नको’चं बटण दाबलं. त्यावर ‘तुम्ही जाताय याचं आम्हाला दुःख आहे’ असा मेल आला आणि दुसऱ्या दिवसापासून मेल दुप्पट झाले. पुढे पासबुक भरून आणलं तेव्हा कळलं की नुसते मेल नव्हते. नोकरी शोधून देणाऱ्या त्या वेबसाइटच्या सभासदत्वापोटी दर महिन्याला त्यांच्या खात्यातून पैसे जात होते. बँकेने सांगितलं, मंजुरी तुमच्याच ओटीपीने दिलेली आहे, वेबसाइटवरून रद्द करा. वेबसाइटने युजरनेम आणि पासवर्ड मागितला. दोन्ही कोणाकडेच नव्हतं.

आणि तिथून गोष्ट प्राचीवर आली.

त्याचं मूळ फार जुनं होतं. सुभद्राबाई लग्न होऊन या खोलीत आल्या तेव्हा मजल्यावरचा एकमेव फोन त्यांच्या सासऱ्यांकडे होता. सगळा मजला आपल्या पत्त्याखाली तोच नंबर द्यायचा आणि पुढे कंसात ‘पी. पी.’, म्हणजे शेजाऱ्यांचा फोन, असं लिहायचा. फोन आला की नव्या सुनेने गॅलरीत जाऊन हाक मारायची. गावाकडचं बाळंतपण, मयत, आखातातल्या भावाचा निरोप, सगळं त्यांच्या तोंडून मजल्यावर पोचायचं. पुढे त्या फोर्टमधल्या एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागल्या, तेव्हा सासरे म्हणाले होते, “हिचं ट्रेनिंग घरीच झालं.”

मोबाइल आले, काळा फोन गेला, पण पी. पी. गेलं नाही. लोक ऑफर बघून सिम बदलत, जुना नंबर मरे, आणि सरकारी कामात अडकायला होई. सुभद्राबाईंचा नंबर तेवढा कधी बदलला नाही. म्हणून टोकाच्या खोलीतल्या धोंडूआजोबांची पेन्शन त्यांच्या नंबरवर, सीमाचा गॅस त्यांच्या नंबरवर, आणि प्राचीचे दहावीपासूनचे सगळे फॉर्म त्यांच्या नंबरवर आणि त्यांच्याच मेलवर. ओटीपी आला की त्या गॅलरीत येऊन मोठ्याने वाचत. रुचाने एकदा हे पाहिलं आणि ती कपाळाला हात लावून खाली बसली होती.

गणपतीनंतरच्या एका दुपारी प्राचीने पलीकडून हाक मारली होती, “काकी, ओटीपी आला का?” तिचा परीक्षेचा फॉर्म होता. पाठोपाठ दोन आले. सुभद्राबाईंनी दोन्ही वाचले. वेबसाइटची मंजुरी नेमकी त्या दुपारची होती. प्राची शेवटच्या वर्षाला, नोकरीच्या मागे. आणखी काय पाहिजे?

सुभद्राबाईंनी ते तोंडावर विचारलं, तेही नळावर, चार बायकांत. प्राची म्हणाली, “मी पहिलाच टाकला काकी. दुसरा माझा नव्हता.” सुभद्राबाई म्हणाल्या, “मग कोणाचा? घरात कोणी नव्हतं. मी वाचला, तू ऐकलास.” ही गोष्ट त्यांनी नंतर प्रत्येकाला अशीच सांगितली. घरात कोणी नव्हतं. मी होते, आणि पलीकडे ती.

तेव्हापासून प्राची त्यांच्या दारावरून मान खाली घालून जात होती, आणि सीमाने गॅसचा नंबर बदलून घेतला होता.

रुचाचं म्हणणं वेगळंच होतं. प्राचीने केलं असेल किंवा नसेल, पण दोष आईंच्या पद्धतीचा. कार्ड आणि फोन आमच्याकडे द्या, नंबर बंद करून टाकू, लागेल तेवढे पैसे महिन्याच्या महिन्याला आणून देऊ. ती हे प्रेमानेच सांगे, आणि त्यामुळेच ते सुभद्राबाईंच्या जास्त जिव्हारी लागे. गेल्या रविवारी त्यांनी सीमाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकलं होतं, “पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर फोन लावते. चूक माझी निघाली तर कार्ड, फोन, नंबर, सगळं तुमच्या स्वाधीन. नाही निघाली तर हा विषय पुन्हा माझ्या घरात काढायचा नाही.”

“आणि प्राचीची नाही निघाली तर?” सीमाने भिंतीपलीकडून विचारलं होतं.

“तर नळावर बोलले तसं नळावरच माफी मागेन.”

संगीत थांबलं, पुन्हा सुरू झालं.

“लागलो काय गो फोन?” टोकाच्या खोलीतून धोंडूआजोबांचा आवाज आला.

“लागलाय, आजोबा. उचलत नाहीत.”

“तुझ्या वेळाक अशी खुर्ची उबवली असती तर सायबान घरी धाडल्यान असता.”

“रेकॉर्डच चालू आहे आई,” रुचा घड्याळाकडे बघत म्हणाली. “हे मुद्दाम करतात. माणूस कंटाळून ठेवतो.”

“मी कंटाळायची नाही. तीस वर्षं लोकांना हेच तर ऐकवलं, होल्ड करा म्हणून.”

“काकी,” सीमाच्या मागून प्राची म्हणाली, “मला एक सांगायचंय.”

“आधी फोन होऊ दे,” सुभद्राबाई म्हणाल्या. “मग काय ते सांग.”

“आईला पण सांगितलंय मी—”

“होऊ दे म्हटलं ना.”

अनिश कठड्यापासून वळला. त्याने प्राचीकडे पाहिलं, मग आत आला, माठातलं पाणी घेतलं, अर्धं प्यायला आणि पेला तिथेच ठेवून पुन्हा बाहेर गेला.

फोनमध्ये खट्ट झालं.

“नमस्कार मॅडम, हितेंद्र बोलतोय. आपली काय मदत करू?”

आवाज तरुण होता आणि थकलेला. सुभद्राबाईंनी हात ताटलीवरच ठेवला आणि थोडक्यात, मुद्द्याला धरून सगळं सांगितलं. पलीकडे कीबोर्डची टकटक ऐकू येत होती.

“मॅडम, मेंबरशिप बंद करायला अकाउंटमध्ये लॉगिन करावं लागतं.”

“अकाउंट कोणाचं तेच तर मी विचारतेय.”

“नाव नाही सांगू शकत मॅडम. युजरने नाव हाइड केलंय.”

“पैसे माझे जातात, आणि नाव मला नाही सांगता येत? बाळा, तुझ्या वरच्या माणसाला दे.”

“वरचेही हेच सांगतील मॅडम.” पुन्हा टकटक झाली. “पेमेंटचा नंबर तुमचा आहे, तुम्ही त्याच नंबरवरून बोलताय. प्रोफाइलवर कंपन्यांना जे दिसतं तेवढं वाचून दाखवतो. ओळखीचं वाटतंय का बघा.”

“वाच.”

सुभद्राबाईंनी सीमाकडे पाहून मान हलवली, आता कळेल, अशी. सीमाने पदर खांद्यावर ओढून घेतला.

“सोळा वर्षांचा अनुभव,” हितेंद्र वाचू लागला. “मालवाहतूक आणि गोदाम व्यवस्थापन. शेवटचं पद, विभागीय व्यवस्थापक.”

सुभद्राबाईंच्या बोटांत कोलंबीच्या पाठीतला काळा दोरा होता. अर्धा बाहेर आला होता.

“सध्या नोकरी नाही. ताबडतोब रुजू होऊ शकतात. ठिकाण, भारतात कुठेही. अपेक्षित पगार... हा गेल्या महिन्यात कमी केलेला दिसतोय. आणि एक नोट आहे, फोन फक्त सकाळी दहा ते पाच या वेळातच करावा.”

दोरा तुटला.

बाहेर अनिशने कठड्यावरचा एक हात काढून दुसऱ्या जागी ठेवला. त्याचा शर्ट इस्त्रीचा होता. रविवारीसुद्धा. त्याची पाठ लहानपणापासून अशीच, काही लपवायचं असलं की खांदे वर यायचे. आत्ता ते कानांना टेकले होते.

त्या दुपारी तो आला होता. भर कामाच्या दिवशी, जेवणाच्या वेळेनंतर. परळला मीटिंग होती, लवकर संपली, म्हणाला. त्यांनी विचारलं, चेहरा का उतरलाय, तर म्हणाला, ऊन लागलं. मग त्यांनीच त्याला उशी दिली होती, पंख्याखाली पड म्हटलं होतं. खाटेवर भिंतीकडे तोंड करून तो पडला होता, हातात फोन. पैसे काढायला चार दिवस आधी नेलेलं त्यांचं कार्ड त्याने अजून परत दिलं नव्हतं, ते त्या दिवशी जाताना फळीवर ठेवून गेला. दोन ओटीपी आले, दोन्ही त्यांनी दारात उभं राहून वाचले, आणि दोन पावलांवर तो ऐकत होता.

घरात कोणी नव्हतं, असं त्या छातीठोकपणे सांगत आल्या होत्या. त्यात खोटं काही नव्हतं. मुलगा म्हणजे कोणी, असं त्यांच्या मनातच आलं नव्हतं.

“मॅडम? ओळखीचं आहे का?”

“अं.”

“बंदच करायचं असेल तर पैसे भरणाऱ्याची विनंती म्हणून मी नोंदवू शकतो. पण मग प्रोफाइलही निघेल. आत्ता दोन ठिकाणी अर्ज विचारात आहेत, तेही जातील. करू का?”

खाटेवरून रुचा त्यांच्याकडे बघत होती. दारातून सीमा बघत होती.

“नको,” सुभद्राबाई म्हणाल्या. “आत्ता नको. ठेवते मी.”

त्यांनी ओल्या बोटांनी फोन बंद केला आणि पाटाशेजारी ठेवला.

“काय नको?” रुचाने विचारलं.

“काहीतरी नवीन विकत होता. नको म्हटलं.”

“आणि बंद करायचं?”

“होईल म्हणाला.”

“काकी,” सीमा म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण गॅलरीतली दोन दारं उघडल्याचं ऐकू आलं. “आम्ही इथे फोनचं संगीत ऐकायला उभ्या नाही. कोणाचं नाव निघालं?”

“नाव सांगत नाहीत ते.”

“म्हणजे आहे तिथेच आहे. पोरीला नळावर चोर ठरवलंत ते ठरवलंत, आता नाव सांगत नाहीत.” ती मागे वळली. “प्राची, तू बोल. मला काय सांगितलंस ते यांना सांग. मी घरी म्हटलं होतं, आपण दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही. आता घे.”

प्राची पुढे आली. तिने उंबरठ्याकडे पाहिलं, चपला काढायच्या त्या जागेकडे.

“त्या दिवशी मी ओटीपी लिहून घ्यायला अर्ध्यापर्यंत आले होते काकी. तुमच्या दारात काळे बूट—”

“अकाउंट माझंच होतं ते,” सुभद्राबाई म्हणाल्या.

त्या पाटावरून उठल्या. गुडघा धरला, भिंतीचा आधार घेतला, उठल्या.

“त्याने वाचून दाखवलं. सगळं माझ्याच नंबरवर आहे. मेलमध्ये कुठेतरी बोट लागलं असणार, आकडे मागितले, मी घातले. दोन ओटीपी आले, गोंधळ झाला. प्राचीचा यात काही संबंध नाही. तिच्या गावीही नाही.”

रुचाने लॅपटॉप मांडीवरून खाली ठेवला. “आई, असं कसं होईल? कार्डचा नंबर घालावा लागतो. मागचे तीन आकडे घालावे लागतात.”

“घातले असतील.”

“तुम्हाला आठवत नाही?”

“नाही आठवत.” त्यांनी हात पुसायला फडकं शोधलं. “वय झालं, रुचा. आठवत नाही.”

असं त्या आजवर कधी म्हणाल्या नव्हत्या. गॅलरीतल्या उघड्या दारांतून कोणीतरी कोणाला तरी हळू आवाजात काही सांगितलं.

सीमाला भांडायला आता काही उरलं नव्हतं. तिचा चेहरा सैल पडला, आणि सुभद्राबाईंना वाटलं, रागच बरा होता.

“होतं काकी,” ती म्हणाली. “माझ्या सासूचं शेवटी शेवटी असंच व्हायचं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.”

“संध्याकाळी नळावर येते मी. सगळ्या असताना.”

“राहू दे आता.”

“राहू कशाला दे? बोलले होते मी.” त्या प्राचीकडे वळल्या. “चुकले बाळा.”

प्राची त्यांच्याकडे बघत होती, मग गॅलरीत उभ्या असलेल्या अनिशकडे. तो आता वळून उभा होता आणि त्याचे हात लोंबत होते. इतका मोठा माणूस, पण हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

“तू काय म्हणत होतीस?” रुचाने प्राचीला विचारलं. “बुटांचं काय?”

“काही नाही, ताई,” प्राची म्हणाली. “दुसऱ्या कुठल्या तरी दिवशीचं असेल.”

ती आईच्या आधी निघून गेली. सीमा तिच्या मागे गेली. गॅलरीतली दारं लोटली गेल्याचा आवाज आला, पण लगेच नाही.

“काय ठरला?” धोंडूआजोबांनी विचारलं.

रुचा उठून जवळ आली. तिने सासूच्या दंडावर हात ठेवला. ती मनाने वाईट नव्हती, हे सुभद्राबाईंना नेहमीच माहीत होतं.

“आई, मी तुम्हाला दोष देत नाहीये. पण आता तरी... तुम्हीच म्हणाला होतात.”

“हो. म्हणाले होते.”

त्यांनी फळीवरच्या डब्याखालून कार्ड काढलं. फोन उचलला, त्यावर कोलंबीचं पाणी लागलं होतं ते पदराला पुसलं. रुचाने हात पुढे केला. सुभद्राबाई तिच्या बाजूने पुढे गेल्या, उंबरठ्यापर्यंत, आणि दोन्ही वस्तू अनिशच्या हातात ठेवल्या.

“हे तुझ्याकडे,” त्या म्हणाल्या. “रुचाला आधीच घरचं सगळं बघावं लागतं. हे तू बघ. काय बंद करायचं, काय चालू ठेवायचं, ते तुझं तू ठरव.”

सकाळपासून त्याने पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. त्याचे ओठ हलले. सुभद्राबाई थांबल्या नाहीत, त्या परत पाटावर येऊन बसल्या.

“आत्ताच बंद करून टाक ना,” रुचा म्हणाली. “उगाच पुढचा हप्ता जाईल.”

“करतो,” अनिश म्हणाला. तो फोनकडे बघत होता, पण त्याचा अंगठा हलला नाही.

“घाईत करू नकोस,” सुभद्राबाई म्हणाल्या. त्यांनी टोपातली पुढची कोलंबी उचलली. “माझे डोळे हल्ली नीट चालत नाहीत, माझं सगळं एकदा बसून समजावून दे मला. उद्या ये. दुपारी. जेवायलाच ये.”

“आई, उद्या सोमवार आहे,” रुचा म्हणाली. “त्याला ऑफिस असतं.”

सुभद्राबाईंनी मान वर केली नाही. कोलंबीची साल अखंड निघाली आणि ताटलीत पडली.

“येतो,” अनिश म्हणाला.

लॅपटॉप मिटता मिटता रुचाने त्याच्याकडे पाहिलं.